सातव्या दिवशीही बंद दार

बेल वाजली तेव्हा मी तापाने फणफणत होते.

"कोण?"

"लिफ्टवाला. एक स्टूल हवं होतं... दार उघडता जरा?"

"नाही उघडणार."

"अहो, स्टूल मागतोय, किडनी नाही!"

मला हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला.

"मला संसर्ग झालाय," मी म्हटलं. "सात दिवस दार बंद. आज चौथा."

"मग बरोबर केलंत," तो म्हणाला. आवाज मऊ झाला होता. "बहिणीचं महिन्याचं बाळ आहे आमच्या घरी."

चार दिवसांत मला बरोबर म्हणणारा तो पहिलाच!

मामाचं चष्म्याचं दुकान. मी तिथे नंबर तपासते, समोरच्याच्या डोळ्यांत वीतभर अंतरावरून बघत. येणारे बहुतेक सत्तरीपुढचे. आणि मामाचा रोज फोन, "गोळी घे आणि ये. साधा खोकला तो, नखरे नकोत!"

लिफ्टचं काम तीन दिवस चाललं. दुपारी तो जिन्याच्या खिडकीत डबा खायचा आणि तिथूनच बोलायचा.

"दाराच्या भोकातून बघता ना मला?"

"छे! नाक तेवढं दिसतं. केवढं मोठं!"

"ते भिंगामुळे! चष्म्याच्या दुकानात काम करता, आणि एवढंही—"

मी दाराला पाठ टेकून हसत बसायचे. ताप उतरला होता, गाल मात्र गरमच.

तिसऱ्या दिवशी मामा धापा टाकत जिना चढून आला. "उघड दार! आत्ता दुकानात चल, नाहीतर कायमची घरी बस."

बाहेर पान्याची खटखट थांबली.

"मामा, त्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडावर मी खोकणार नाही. नोकरी घ्यायची तर घे."

"घेतली!"

पावलं खाली उतरत गेली.

"रडताय?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"सर्दी आहे."

"मध्ये बोलणार होतो... पण तुम्हीच पुरेशा होतात."

दुसऱ्या दिवशी सातवा दिवस. लिफ्ट चालू झाली होती, तरी तो आला. हत्यारांची पिशवी न घेता, भांग पाडून! मी तपासणीची पट्टी बघितली... दुसरी रेघ फिकट होती, पण होती; संसर्ग अजून गेला नव्हता. कडीवरचा हात मी मागे घेतला.

"अजून दोन दिवस," मी म्हटलं. "चिडलात?"

"चिडू कशाला? लग्न काय आजच लावायचंय?"

"...लग्न?"

"निसटलं तोंडातून."

"खोटं निसटलं की खरं?"

तो अगदी हळू म्हणाला, "खरं."

"मग ऐका," मी दारावर तळहात ठेवला. "मामाने आरडाओरड केली तेव्हा हे दार उघडलं नाही. तुम्ही भांग पाडून आलात तरी आज उघडणार नाही. परवा उघडेन, कारण मला उघडायचंय. चालेल?"

"पळेल!" तो म्हणाला, आणि तिथेच पायरीवर बसला.