सकाळी विचारणारी फाइल

"अहो, तिथे उभे राहू नका—"

मी खिडकीतून ओरडले खरी, पण तोवर थेंब पडला होता.

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, आणि तरी आमच्या अंगणात बारा महिने टपटप चालायची. कापड रंगवण्याचा कारखाना होता तो. हौदातून काढलेली लांबच लांब कापडं दोऱ्यांवर वाळत असत आणि त्यांच्या काठांवरून पाणी गळत असे. कुठे निळं, कुठे तांबूस, कुठे हळदीसारखं. माहीतगार माणूस भिंतीच्या कडेकडेने यायचा. हा नवखा मात्र सरळ मधून आला आणि नेमका गडद निळ्याखाली थांबून हातातला पत्ता वाचू लागला. अंगात शुभ्र सदरा.

त्याने खांद्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमच्याकडे निळा पाऊस पडतो वाटतं?"

"पडतो. जो मधून चालतो त्याच्यावर."

"जाईल का हो हा डाग?"

"पक्का रंग आहे. कच्चा आम्ही करतच नाही."

"अरे वा... म्हणजे जन्माचा झाला."

तो हसून म्हणाला. मी हसले नाही. ज्या वयात घरातले लोक लग्नाचा विषय आपणहून टाळू लागतात, त्या वयाची मी होते. अशी वाक्यं ऐकली न ऐकली करायची सवय मला लागली होती.

तो आला होता आमचा कॉम्प्युटर बघायला.

मी रंगखोलीत काम करायची. कुठल्या छटेला कुठला रंग किती, पाणी किती गरम, कापड किती वेळ बुडवायचं, हे सगळं आधी नमुन्याच्या तुकड्यांना टाचून ठेवलेलं असे. मग मालकांनी कॉम्प्युटर आणला आणि मी ते सारं एका स्प्रेडशीटमध्ये भरलं. मी गेल्यावर संध्याकाळपाळीचा फोरमन तीच शीट उघडून हौदावरचे फेरफार तिच्यात टाकायचा. आणि रोज सकाळी मी ती उघडली की डाव्या बाजूला एक पट्टी यायची. या फाइली वाचवल्या आहेत, परत हव्यात का? खाली एकाच नावाच्या तीन-तीन प्रती. कुठली कालची, कुठली परवाची, काही कळायचं नाही. घरात शिरून कोणीतरी सामान हलवून गेल्यासारखं वाटायचं.

"त्रास कधीपासून?" त्याने खुर्ची ओढत विचारलं.

"यंत्र आलं तेव्हापासून."

"सकाळी जास्त, की दिवसभर?"

"सकाळीच."

"उपाशीपोटी?"

या वेळी मात्र मला हसू आलं. दाराआड उभ्या असलेल्या बायकांनीही ते ऐकलं, आणि त्या दिवसापासून कारखानाभर त्याचं नाव पडलं वैद्यबुवा.

वैद्यबुवांनी पहिल्या फेरीत जुन्या प्रती साफ केल्या. "पट्टी नुसती 'नंतर बघू' म्हणून मिटवायची नाही. एक प्रत निवडायची, जतन करायची, बाकीच्या काढून टाकायच्या. आज टाळलं की उद्या परत दारात उभं." मी तसं केलं. दुसऱ्या सकाळी पट्टी पुन्हा हजर. मग त्याने सगळा प्रोग्रॅमच नव्याने घातला. पट्टी हजर. मग तो वरचेवर यायला लागला.

तुम्हा तरुणांना सांगते, प्रेम जमतं तेव्हा काही वाजतबिजत नाही. तो आला की आधी कीबोर्ड पुसायचा. माझ्या बोटांचे रंगाचे ठसे त्यावर असायचे, आणि एक ठसा... कोपऱ्यातला, निळा... तो मुद्दाम राहू द्यायचा. माझ्या ते लक्षात आलंय हे त्याच्या लक्षात आलं होतं. चहा आला की पेला खिडकीशी धरून विचारायचा, "रंगबाई, या छटेला तुमच्यात काय म्हणतात?"

"चहात पाणी जास्त, म्हणतात."

"आणि त्या भिंतीला?"

"काम सोडून भिंतीकडे बघणाऱ्याला काय म्हणतात ते विचारा."

निघताना तो दारात थांबून म्हणायचा, "येतो." जाताना आपण सगळेच येतो म्हणतो. पण तो ते माझ्याकडे बघून म्हणायचा, आणि खरंच यायचा.

या सगळ्यावर एका माणसाची नजर होती. माझी आत्या. आईवडिलांमागे तिनेच मला वाढवलं होतं. ती त्याच कारखान्यात घड्या घालायच्या विभागात होती, आणि विश्वासाची म्हणून कुलपाच्या किल्ल्याही तिच्याकडे. सगळे गेल्यावर कारखाना बंद करून निघायची ती शेवटची. तिच्या उजव्या हाताची बोटं भाजल्यामुळे एकमेकांना चिकटलेली होती. त्या हाताबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नसे.

"काय गं," ती मला म्हणाली, "या वैद्याचा रोगी बरा होत नाही, आणि वैद्याला त्याचं दुःखही दिसत नाही. हे कसलं औषध?"

"आत्या, पुरे."

"मी काय म्हटलं? मी यंत्राबद्दलच बोलतेय." आणि घडीवर घडी घालत राहिली.

मग एके दिवशी विपरीत घडलं. सकाळी पट्टीत वर आलेली प्रत जुनी निघाली, फोरमनचे आदल्या संध्याकाळचे फेरफार तिच्यात नव्हते. त्या मापाने अख्खा घाणा रंगला. मोतिया हवं होतं, ते कापड राखेसारखं निघालं. मालक रंगखोलीत आले. त्यांनी सगळ्यांना बोलावलं, वैद्यबुवांनाही. एरवी आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचं बोलणं अंगणापर्यंत ऐकू गेलं.

"रोज हे यंत्र बिघडतं. कोणीतरी काहीतरी करतं. ज्याचा हात असेल, त्याला मी आज घरी पाठवणार. मग तो कोणीही असो."

आत्या दाराशी उभी होती, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. तिला काय ठाऊक! तीही सगळ्यांसारखीच इकडेतिकडे बघत होती.

"हात माझाच आहे," वैद्यबुवा म्हणाला. "प्रोग्रॅम नव्याने घालताना एक गोष्ट माझ्याकडून राहून गेली. चूक माझी."

मालक त्याच्याकडे बघत राहिले. "मग उद्यापासून येऊ नका."

त्याने पिशवी आवरली. कीबोर्ड पुसला नाही. दाराशी थांबला आणि म्हणाला, "जातो."

तो शब्द मला असा लागला की मी सगळ्यांदेखत त्याच्यामागे धावले. अंगणात, ओल्या कापडांच्या मधोमध, मी त्याला गाठलं. वरून टपटपत होतं. आम्ही दोघंही हललो नाही.

"तुम्ही खोटं बोललात. तुमचं काम मी शेजारी बसून पाहिलंय. काही राहिलं नव्हतं."

"जाऊ द्या ना, रंगबाई..."

"कोणाला पाठीशी घालताय?"

तो हळूच म्हणाला, "एकदा मी स्क्रूड्रायव्हर विसरलो म्हणून संध्याकाळी परत आलो होतो. तुमच्या आत्याबाई बंद करत होत्या. प्रत्येक खोलीत जाऊन एकेका बटणाला हात लावत होत्या. लहान मुलांना पांघरूण घालतात ना, तशा. शेवटी स्टुलावर चढून त्यांनी मेन स्विच खाली ओढला. फोरमन शीट उघडी ठेवून जातो, आणि यंत्र तसंच्या तसं मरतं. बिचारं सकाळी उठून विचारतं... अर्धं राहिलंय, काय करू?"

मी वळून रंगखोलीच्या खिडकीकडे पाहिलं.

"बॅटरी बसवून बघता आली असती," तो म्हणाला. "पण ती काय रात्रभर जागणार आहे? त्यांना सांगायलाच हवं होतं. पण मी त्यांचा हात पाहिला. वाटलं, हा हात उगाच बटणापाशी जात नसणार."

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"बरेच दिवस झाले."

"मग मधल्या इतक्या फेऱ्या...?"

त्याने खांद्यावरचा नवा थेंब पुसायचा प्रयत्न केला. "त्या माझ्यासाठी होत्या," तो म्हणाला, आणि वळून गेला.

घरी आल्यावर मी आत्यासमोर बसले. सांगावं तर तिच्या किल्ल्या जाणार, कदाचित कामही. न सांगावं तर तो कायमचा खोटा ठरणार. आत्या चादरीची घडी घालत होती. तिने दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

"बोल. सकाळपासून तुझ्या तोंडात काहीतरी अडकलंय."

मी सगळं सांगितलं. ती मधेच थांबली. चादर आमच्या दोघींच्या मधे तशीच ताणलेली राहिली.

"मी बटण पाडते म्हणून ते रोज विचारतं?"

"हो. त्याला आधी बंद करावं लागतं, आत्या. नीट. मग वीज तोडायची."

"आणि हे मला कोणी सांगितलं नाही."

"तुला काय सांगणार होते? तुला पुन्हा ते सगळं..."

आत्याच्या यजमानांचं असंच झालं होतं. ती दोघं कापडाच्या गोदामात राखण करत. एकदा कुलूप लावून निघाल्यावर त्यांना आठवलं की आत बटण चालू राहिलंय. ते परत गेले. आत आग धुमसत होती. आत्या दार ओढत राहिली, दार उघडलं नाही, हात मात्र भाजला.

"आलोच, म्हणाले होते," आत्या म्हणाली. तिचा आवाज अगदी कोरडा होता. "एवढंच. निरोप नाही, काही नाही. नुसतं आलोच. पोरी, मीही कित्येक वर्षं रोज सकाळी उठून विचारलंय गं... आले का? त्या यंत्राला मी काय नावं ठेवू?"

मग तिने चादरीची घडी पुरी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी मालकांसमोर उभी राहिली. "बटण मी पाडते, मालक. यापुढेही पाडणार, त्याशिवाय माझा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. काढायचं तर काढा. पण त्या पोराने माझ्यावरचं आपल्यावर घेतलं, ते मला चालायचं नाही." आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

मालकांनी तिच्या हाताकडे पाहिलं. मग किल्ल्या उचलून परत तिच्यापुढे केल्या. "काल मी फार बोललो," ते म्हणाले. "त्यांना फोन लावा कोणीतरी."

"फोन कसला लावता?" आत्या माझ्याकडे वळली. "घालवलं समोरासमोर, आणि बोलावणं तारेवरून? तू जा."

त्याचं दुकान एका अरुंद गल्लीत होतं. उघडी पडलेली यंत्रं, वायरींची भेंडोळी, आणि मधोमध तो. मला बघून उठला. अंगात तोच निळ्या डागाचा सदरा होता.

"आत्याने बोलावलंय," मी म्हणाले.

"आत्याबाईंनी?"

"हो."

"...फक्त आत्याबाईंनी?"

मी वायरींकडे बघत म्हटलं, "रस्ता मला कोणी दाखवला नाही. माझी मी आले."

त्या संध्याकाळी त्याने आत्याला रंगखोलीत खुर्चीवर बसवलं. तिच्या चिकटलेल्या बोटांखाली माउस नीट बसावा म्हणून त्याने खाली कापडाची घडी ठेवली. "आधी जतन. मग फाइल बंद. मग यंत्र बंद. आणि तो दिवा विझेपर्यंत थांबायचं, आत्याबाई. घाई नाही. विझला की मग खुशाल स्विच पाडा."

आत्या दिव्याकडे बघत राहिली. तो विझला. "झोप हो बाबा," ती यंत्राला म्हणाली, स्टुलावर चढली आणि स्विच खाली ओढला. अंधुक उजेडात मी पाहिलं, ती रडत होती. आम्ही दोघांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

दुसऱ्या सकाळी शीट उघडली. डावीकडे काही नव्हतं. सगळे रंग आपापल्या ओळीत, आदल्या संध्याकाळी ठेवले तसे.

"झालं," तो म्हणाला. "रोगी बरा. आता मला बोलवायला काही कारण उरलं नाही."

"कारण लागतंच का?"

बाहेर कापडं टपटपत होती. त्याने पिशवी उचलली, दारापर्यंत गेला, थांबला.

"मग... जातो म्हणू, की येतो?"

"येतो म्हणा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत ते कोपऱ्यावर जाताना, दुकानात जाताना, अगदी खालून काही आणायला जातानाही दारातून येतो म्हणत आले. आत्या गेली तीही सगळ्यांचा निरोप घेऊन, किल्ल्या माझ्या हाती देऊन.

मागल्या वर्षी यांचं दुखणं वाढलं. दवाखान्यातल्या शेवटच्या सकाळी मी यांचा हात धरून बसले होते. खिडकीतून ऊन येत होतं. यांनी डोळे उघडले, मला ओळखलं, आणि म्हणाले, "जातो गं आता."

मी कळवळले. "असं काय बोलता? येतो म्हणा."

यांनी मान हलवली. ओठांवर तेच अंगणातलं हसू होतं.

"नको," ते म्हणाले. "नाहीतर रोज सकाळी विचारत बसशील."