वाफेतला ठसका

कापूरहोळ फाट्यावरच्या 'वर्षाराणी इलेक्ट्रिकल्स'मध्ये एक पांढऱ्या शर्टातला तरुण शिरला. आजारी मांजर डॉक्टरकडे न्यावं तशी त्यानं स्टीम इस्त्री पोटाशी धरली होती.

"ही... ओकते," तो म्हणाला.

वर्षाराणीनं प्लग लावून बटण दाबलं. इस्त्रीनं तांबूस पाण्याची चूळ टाकली, ती थेट त्याच्या छातीवर.

"व्हय, ओकते," ती म्हणाली. "पाणी कुठलं घालता?"

"बोअरचं."

"मग आतमदी थर बसणारच की! फिल्टरचं घालत जा."

वर्षाराणी वेल्ह्याच्या डोंगरातल्या धनगरवस्तीतली. तिनं आयटीआय केलं तेव्हा वडील म्हणाले होते, "मेंढरं आपणहून घरी येत्यात, पोरी. इस्तऱ्या येतील का?"

ही एक येऊ लागली. दर शनिवारी.

सौमित्र भोरच्या कोर्टात नवा वकील होता. त्याचं नेमानं येणारं अशील एकच, ही इस्त्री, आणि ते आठवड्याला तारीख मागायचं. वर्षाराणी टाकीत निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर ओतायची, इस्त्री तापवून बादलीवर वाफ सोडायची. पांढरी खपली भुरभुर पडायची. मग चांगल्या पाण्यानं दोनदा धुणं. हे बघायला त्याचं डोकं तिच्या डोक्याशी यायचं आणि वाफ... जरा जास्तच वेळ सोडली जायची.

"फिल्टरचं पाणी इसरता, मग कायद्याची कलमं कशी ध्यानात ऱ्हातात?"

"ती विसरली तर जजसाहेब आठवण करून देतात. इथं तुम्ही आहात."

एका शनिवारी तो चाचरत म्हणाला, "आज जरा... नीट करा. उद्या पाहुणे येणार आहेत. आंबवड्याचं स्थळ. आईनं ठरवलंय."

त्यानं इस्त्रीकडं पाहिलं. तिनंही इस्त्रीकडंच पाहिलं. इस्त्रीला काही बोलायचं नव्हतं.

व्हिनेगर संपलं होतं. वर्षाराणीनं शेजारच्या गेनबाच्या ढाब्यावरून बाटली आणली, तीत बुडालेल्या हिरव्या मिरच्या तशाच ठेवून व्हिनेगर टाकीत ओतलं आणि... इस्त्री तशीच पिशवीत घालून त्याच्या हाती दिली. तापवणं नाही, धुणं नाही.

"कडक दिसा," ती म्हणाली.

संध्याकाळी गेनबा बाटली मागायला आला, तेव्हा तिला आठवलं, मिरचीचं व्हिनेगर टाकीतच राहिलंय. सौमित्रचा मोबाईल नंबर तिच्याकडं नव्हता. एवढे शनिवार गेले, पण मागायचा धीर कुणालाच झाला नव्हता.

सोमवारी तो इस्त्री घेऊन दारात उभा. डोळे लाल.

"पाहुणे पोहे खात होते," तो म्हणाला. "मी आत शर्टाला इस्त्री लावली. आधी आई खोकली. मग मुलीचे काका. मामा तर बशी घेऊन अंगणात पळाले, ते तिथूनच गाडीत बसले."

"माझं चुकलं हो! मुद्दाम न्हाई केलं."

"मुद्दाम केलं असतंत तर बरं वाटलं असतं." त्यानं इस्त्री पुढं ठेवली. "मी मात्र मुद्दाम घालत होतो... बोअरचं पाणी."

"ठावं हाय. दर आठवड्याला कोण इसरतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"चालू दुकान कोण बंद करतं?"

तिनं रिकामी बादली उगाच सरकवली. "आई... काय म्हणाल्या?"

"तिला सगळं सांगितलं. पाण्यासकट."

"धनगराची हाय, हेबी?"

"तेही. मग म्हणाली, मिरचीचा एवढा ठसका लागला, म्हणजे घराला कुणाची दृष्ट नाही. दृष्ट असती तर ठसकाच लागला नसता. आता घेऊन ये तिला. माझ्या पोरावरून मिरच्या ओवाळणारी आहे तरी कोण, बघू दे."

हाताला काम हवं म्हणून वर्षाराणीनं इस्त्री घेतली, प्लग लावला, बटण दाबलं. टाकीत मिरचीचं पाणी अजून शिल्लक होतं.

वाफेचा लोट उठला. दोघंही खोकत खोकत एकमेकांना धरून उभे राहिले आणि नंतर सोडायचं विसरले.

"न्हाई," ती डोळे पुसत, ठसक्यातच म्हणाली, "आपल्यालाबी दृष्ट न्हाई!"