कॉर्नर मिळाला की

"मॅडम, माझं काही चुकलं का?"

फुटबॉल मॅचची कॉमेंट्री संपवून मी माईक बंद करत होते. वर बघितलं, तर तीन नंबरच्या जर्सीतला, चिखलाने माखलेला खेळाडू टेबलापुढे उभा! नगरच्या मैदानावर भुरभुर चालू होती आणि त्याच्या केसांतलं पाणी माझ्या कागदांवर ठिबकत होतं.

"म्हणजे?"

"सगळी मॅच खेळलो. तुम्ही नाव एकदाच घेतलं... तेपण पिवळं कार्ड मिळालं तेव्हा."

मला हसू फुटलं. "अहो, गोल करा, मग घेते की!"

"डिफेंडर हाय मी. आडवं यायचं, एवढंच काम आमचं."

"मांजरासारखं?"

तो हसला — आणि मी मेली त्याचं नाव-गाव विचारून बसले.

नाव आमोस. नेवाशाचा, नगरला एका शाळेत खेळ शिकवायचा. पुढच्या मॅचला मी त्याचं नाव इतक्यांदा घेतलं, की पंचांनीही वळून बघितलं. मग मॅच संपली की लंकाबाईंच्या टपरीवर चहा, आणि चहाबरोबर फर्गस. फर्गस म्हणजे स्कॉटलंडचा एक डिफेंडर, आमोसचा जीव की प्राण. सतराव्या वर्षी फर्गस आपल्या गावच्या क्लबात आला. मोठ्या क्लबाने बोलावलं म्हणून गेला, तर तिथे गुडघाच गेला. वर्षभर घरी बसला, पुन्हा गावच्याच क्लबात आला, कॅप्टन झाला आणि केस पिकेपर्यंत तिथेच खेळला.

"गोल किती केले त्याने?"

"एक. शेवटच्या मॅचला."

"अगंबाई! अख्ख्या जन्मात एक?"

"डिफेंडरने जागा सोडायची नसते, मॅडम. कॉर्नर मिळाला, कोपऱ्यातनं किक घ्यायची असली, तरच पुढं जायचं. त्या दिवशी फर्गस पुढं गेला, तर सगळं गाव ओरडत हुतं."

असा हा माणूस! कप देताना बोटाला बोट लागलं की लाजून लाल, पण बोलायचं म्हणून नाही. मी त्याला आवडते, हे लंकाबाईंनाही कळलं होतं... मी तरी किती वाट बघायची?

तेवढ्यात आईने जाहीर केलं — रविवारी चर्च सुटलं की संगमनेरचे पाहुणे मला बघायला येणार. मुलगा बँकेत. "नाही म्हणायला काही कारण आहे का, एंजल?" तिने विचारलं. कारण टपरीवर बसून चहात बिस्कीट बुडवत होतं.

शनिवारी आमोसची टीम फायनल जिंकली. टपरीवर मी सांगून टाकलं, "उद्या मला बघायला येणारेत."

त्याचं बिस्कीट चहात पडलं.

"चांगला हाय का... मुलगा?"

"चांगलाच असेल!" मला रडू येत होतं आणि रागही. "तुला काहीच बोलायचं नाही?" अहो-जाहो कधी गळून पडलं, माझं मलाच कळलं नाही.

"मला पुढं जायला जमत न्हाई गं..."

"आमोस, कॉर्नर मिळालाय," मी म्हटलं आणि निघून आले.

रविवारी चर्च सुटलं. आई घाईने बाहेर पडली, तर फाटकात आमोस. इस्त्रीचा शर्ट, चेहरा पांढराफटक.

"बाजूला हो रे बाळा," आई म्हणाली, "घरी पाहुणे यायचेत."

"न्हाई होत," आमोस म्हणाला. तो जागचा हलला नाही. "मला एंजलशी लग्न करायचंय."

आईने माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान डोलावली, आणि जाऊन त्याच्या शेजारी, आईच्या वाटेत आडवी उभी राहिले.