कापलेले श्वास

जिन्यातलं दार कुरकुरलं, थांबलं, पुन्हा कुरकुरलं. शिंप्याकडून कपडे घेऊन उतरणाऱ्या साळुंकीला राहवेना. "तेल घाला की हो त्या दाराला. बिचारं कधीचं रडतंय."

दारामागून एक तरुण पुढे आला… कानांवर हेडफोन, हातात माइक, आणि तोंड असं, जणू कुणी पुढ्यातलं ताट ओढून नेलं. ऐकायच्या पुस्तकातल्या एका गोष्टीसाठी तो ती कुरकुरच रेकॉर्ड करत होता. सकाळपासून जमून आलेली पहिलीवहिली कुरकुर हिने नासवली होती. ती ओशाळली. त्याने मात्र रेकॉर्डिंग मागे नेऊन ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि दार राहिलं बाजूला, तिलाच विचारलं, आमच्यासाठी गोष्टी वाचाल का म्हणून.

घरचे तिला साळुंकी म्हणत ते उगीच नव्हे. बोलायचं काम आणि नाही म्हणायचं? खालच्या मजल्यावर जाड गाद्या लावलेली खोली होती. काचेपलीकडे तो बोट वर करी, अलीकडे ती वाचू लागे. ती अडखळली की त्याची भुवई चढे. भुवई चढली की ती मुद्दाम पुन्हा अडखळे.

पण स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला, आणि तिने कानच झाकले. ही कोण चिरकी बाई? त्याने समजावलं, आपलं बोलणं आपल्याला हाडांतूनही ऐकू येतं, म्हणून आतून भरदार वाटतं. इतरांना नुसतं हवेतून पोचतं.

"म्हणजे सगळ्यांना मी अशीच ऐकू येते?"

"मी तर रोज ऐकतो," तो म्हणाला. "अजून पळालो नाही."

ती हसली. तरी कुसळ सलत राहिलंच. आणि भीती होती तेच झालं. प्रकाशकबाईंनी तयार झालेल्या गोष्टी काही ओळखीच्यांना ऐकवल्या. सगळ्यांचं एकच म्हणणं आलं: गोष्टी छान, पण ऐकवत नाही, जीव घाबरा होतो. बाई दुसरा आवाज शोधू म्हणाल्या. काम जाणार याचं वाईट वाटलंच. पण काचेपलीकडचं ते बोट… ते आता दुसऱ्याच कुणासाठी वर होणार, या विचाराने साळुंकीच्या तोंडचं पाणी पळालं.

तिची आत्या पोहायला शिकवायची. मोठ्या कौतुकाने गोष्ट ऐकायला बसली आणि थोड्याच वेळात छातीवर हात ठेवून उठली. "अगं, तू श्वास कधी घेतेस? मला वाटलं, बुडालीस."

साळुंकीने पुन्हा ऐकलं. खरंच की. वाक्यामागून वाक्य, आणि मध्ये श्वासाचा मागमूस नाही. ऐकता ऐकता आपलाच श्वास कोंडत होता.

ती तडक त्या खोलीत गेली, श्वास कुठे गेले म्हणून विचारलं. तो मान वर करेना. ओठांची मचमच, थुंकीचा आवाज काढावाच लागतो, तो पुटपुटला, कानात नको वाटतं ते. श्वासांचा आवाज मात्र नुसता हळू करतात.

"मग माझे मुळासकट का कापलेत?"

तेव्हा कुठे त्याने मान वर केली. "हेडफोनमध्ये श्वास फार जवळ येतो. इतक्या जवळून फक्त… आपल्याला बिलगलेल्या माणसाचाच ऐकू येतो. तुमचा आला की मला पुढचं काही सुचेना. काम तर उरकायचं होतं… मग कापत गेलो."

छातीवरची धोंड उतरावी तसं तिला झालं. "म्हणजे माझा आवाज वाईट नाही?"

"नावं ठेवायची तर माझ्या कात्रीला ठेवा. बाईंना आत्ताच कळवलंय, चूक माझी, दुरुस्त करतो, गोष्टी पुन्हा ऐका म्हणून."

"कारणही कळवलंत?"

"ते आधी तुम्हाला सांगायचं होतं."

मग काचेच्या एकाच बाजूला दोन खुर्च्या आल्या. कापलेला एकेक श्वास त्याने जागच्या जागी बसवला, आणि प्रत्येकाला त्याचे कान लाल होत गेले. ती गालात हसत बघत राहिली. संध्याकाळी बाईंचा फोन आला. आता कुठे मोकळं वाटतंय, म्हणाल्या, पुस्तक हिच्याकडूनच पुरं करा.

त्याने सुस्कारा टाकला. साळुंकीने हळूच त्याच्या एका कानावरचा हेडफोन सरकवला, अगदी जवळ झुकली, आणि श्वास घेऊन म्हणाली,

"आता हा कसा कापशील?"