गळ्यावाचून आवाज

चंद्राच्या पलीकडच्या बाजूला, जिथून पृथ्वी कधीच दिसत नाही, तिथल्या वेधशाळेत सध्या दोघंच राहत होती: दहा वर्षांची ऋजुता आणि तिचे खगोलशास्त्रज्ञ आजोबा. तिची आई बर्फाच्या शोधात दूरच्या विवरांकडे गेली होती. आजारपणात आजोबांची जीभ आणि स्वरतंतू (गळ्यातले थरथरणारे पडदे) लुळे पडले होते. ते पाटीवर लिहीत. ऋजुतानं काही विचारलं, की उत्तर लिहून होईपर्यंत विचारण्यातली गंमतच निघून जायची. हळूहळू तीही बोलेनाशी झाली. बाहेर हवा नाही म्हणून आवाज नाही, आणि आत हवा असूनही नाही.

एका सकाळी आजोबांनी पाटी पुढे केली. 'गळ्यावर बोट ठेव. आ म्हण, मग ई म्हण. काय बदललं?'

"आऽऽ. ईऽऽ." बोटाला दोन्ही वेळा तशीच थरथर जाणवली. "गळ्यात तर काहीच बदललं नाही! मग अक्षर कसं बदललं?"

आजोबांनी आरसा दिला. 'आ'ला जबडा खाली जात होता, 'ई'ला जीभ वर चढत होती.

'गळा नुसता गुणगुणतो,' आजोबांनी लिहिलं. 'तोंडाची पोकळी त्यातली काही कंपनं घुमवते, काही दाबते. पोकळीचा आकार बदलला की स्वर बदलतो.'

"म्हणजे खोटी गुणगुण आणि खोटी पोकळी बनवली, तर यंत्रही बोलेल?"

आजोबांनी खणातून मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपवर मावणारा इवलासा संगणक) आणि बोटभर स्पीकर काढला.

"पण मोठ्या संगणकात तयार आवाज आहेत की!"

'उसना नको मला,' आजोबांनी लिहिलं.

चिपला फक्त वीज चालू-बंद करता येत होती. सेकंदाला शंभरदा तसं केल्यावर स्पीकर भुंग्यासारखा गुणगुणू लागला. हा झाला गळा. तोंडाच्या जागी फिल्टर (काही कंपनं वाढवणारी, काही गाळणारी आकडेमोड) आला. आकडे बदलले की कधी 'आ' निघे, कधी 'ऊ'. पहिला शब्द काय करायचा, ते ऋजुतानं विचारलंच नाही. 'आ'वरून 'ई'वर आकडे हळूहळू सरकवले आणि कळ दाबली.

"आई," स्पीकर म्हणाला.

ऋजुता कितीतरी वेळ भिंतीकडे तोंड करून बसली. आजोबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तेवढं त्यांना लिहावं लागत नव्हतं.

मग आली व्यंजनं. त्यांचा नकाशा वर्णमालेतच होता. 'क' जिभेच्या मुळाशी, 'च' टाळूशी, 'त' दातांशी, 'प' ओठांशी. 'प' म्हणजे मिटलेल्या ओठांची क्षणभर शांतता आणि मग फट्कन सुटलेली हवा. त्यात गुणगुण मिसळली की 'ब'. 'स'ला गुणगुण नकोच, नुसती सळसळ.

"म्हणजे शांतताही बोलण्यातच येते!" ऋजुता म्हणाली.

आठवड्याच्या शेवटी आईचा रेडिओवरून फोन आला. आजोबांनी कळफलक पुढे ओढला.

"जे-व-लीस का," यंत्र खरखरलं.

"कोण बोलतंय?" आई दचकली. "ऋजू, कोण आहे तिथे?"

ऋजुताचा चेहरा उतरला. आजोबांनी आईसाठीचं आपलं जुनं पालुपद टाइप केलं, "बर्फ प-ळून जा-त नाही. आ-धी जेव."

पलीकडून आईचा भरलेला आवाज आला, "जेवते हं, बाबा."

आजोबांचे खांदे हलू लागले. ते हसत होते, पण आवाजच नव्हता.

फोन संपल्यावर ऋजुता स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली. "आजोबा, हसणं कुठल्या अक्षरात बसतं?"

"कु-ठ-ल्याच नाही," यंत्र म्हणालं. "शो-धा-वं ला-गेल."

"मग हसा बरं पुन्हा," ती त्यांच्या गळ्यावर अलगद बोट ठेवत म्हणाली.