चिनआजींचा मोकळा हात

मुरुडमध्ये कुणाच्या मनगटाचं माप काय, हे मला झोपेतून उठवून विचारा. कासारीण आहे मी, चाळीस वर्षं बांगड्या भरतेय. त्यामुळे दातांच्या डॉक्टरांची बायको सोनल दुपारी दारात येऊन म्हणाली, "तुळशीमावशी, उद्या आमच्या मेईचं लगीन. आजींची बांगडी तिला भरायची हाय," तेव्हा मी पिशवी उचलली आणि निघाले.

डॉक्टरांचं घराणं चिनी. त्यांची आई, आमची चिनआजी, सोळाव्या वर्षी जहाजात चढली तेव्हा तिच्या आईने ही हिरव्या जेड दगडाची बांगडी तिच्या हातात घातली होती. सत्तरएक वर्षं ती निघाली नाही. गेल्या वर्षी आजारपणात हात वाळला, तेव्हा आजींनीच ती उतरवून नातीसाठी ठेवली. मला म्हणाल्या होत्या, "तुळशी, मोकळा हात कसातरीच वाटतो गं. तुझी एक हिरवी भर ना." मी कचरले. आमच्यात नवरा गेलेल्या बाईला हिरवी बांगडी भरत नाहीत. "नंतर भरते," म्हणाले. पंधरा दिवसांत आजी गेल्या. त्या 'नंतर'ची मला अजून लाज वाटते.

भिंतीवर त्यांचा शेवटचा फोटो होता, मांडीवर ठेवलेला तो मोकळा हात दिसत होता. त्याच्याखाली बसून मी मेईच्या हाताला साबण चोळला. बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली. काचेची बांगडी वाढली, म्हणजे फुटली, तर दुसरी भरता येते. ही तडकली असती तर आजींचं काहीच उरलं नसतं. माझ्या कपाळाला घाम आला.

इतक्यात लाइट गेली. समुद्रावरच्या वाऱ्यामुळे लाकडी खिडक्या घट्ट लावलेल्या, खोलीत काळोख झाला. बाहेर माडांच्या झावळ्या घासत होत्या. मग कापराच्या मलमाचा वास आला. आजी गुडघ्यांना चोळायच्या, तोच.

"सोनल... तू हायस ना?"

एक थंड, हाडकुळा तळवा माझ्या हातावर टेकला आणि मेईची बोटं हळूहळू आत दाबू लागला.

"मावशी..." मेई कुजबुजली, "किती हात हायत तुमचे?"

"गप... हात सैल सोड."

बांगडी सुळकन मनगटात गेली. लगेच माझ्याच मनगटाशी काहीतरी चाचपडलं. भीती वाटली, खोटं का बोलू? पण मी हात मागे घेतला नाही.

लाइट आली. सोनल स्वयंपाकघरातून चहा घेऊन येत होती. मेईने बांगडी गालाला लावली आणि रडता रडता हसली. "आई, गरम हाय गं ही!"

खूप दिवसांनी मला चहा गोड लागला. कप खाली ठेवताना पाहिलं, तर माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्यांतली एक कमी होती. जमिनीवर काचेचा कणही नव्हता.

निघताना नमस्कार करायला मी फोटोकडे वळले. आजींच्या हातात एक हिरवी काचेची बांगडी होती. माझ्या मापाची, म्हणून त्यांना जरा सैल होत होती.