दारावरची लोकर

फानुला डावखुरी होती, आणि लग्नाला दहा वर्षं झाली तरी सासूला ते खपत नव्हतं. सकाळी माडीवर टकळ्या फिरायला लागल्या की आर्खिपी एकदा तरी म्हणायचीच, "सूनबाई, तुझ्या सुताला उलटा पीळ. माझ्या सुताशेजारी मागावर चढवलं की कापड वाकडं पडतं." फानुला मान हलवायची आणि पुन्हा डाव्या हातानंच टकळीला गिरकी द्यायची. सगळ्या अथेन्समध्ये एवढी एकच गोष्ट ती आपल्या मनानं करत होती.

घर मेलिते नावाच्या वस्तीच्या उतारावर, अरुंद गल्लीत होतं. नवरा थ्रासोन ढालींचे चामडी पट्टे शिवणारा, त्यामुळे घरभर कातड्याचा आंबूस वास. खाली अंगण, पुरुषांची बैठक आणि रस्त्याचं दार. वर बायका. माडीच्या खिडकीला लाकडी जाळी होती, तिच्यातून अंगण दिसायचं आणि दाराच्या आतली बाजू. दाराची बाहेरची बाजू फानुलानं शेवटची पाहिली ती सणाला देवळात गेली तेव्हा, म्हणजे उन्हाळ्यात.

थोरली क्लेइतो आठ वर्षांची, धाकटी मिको चारची. तिसरी मुलगी झाली ती ऑलिव्हची फळं उतरवायच्या दिवसांत. थ्रासोन वर आलाच नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवरून त्यानं विचारलं, "काय?" आर्खिपी म्हणाली, "मुलगी." मग पावलं परत खाली गेली. थ्राटा नावाच्या दासीनं बाळाला धुतलं, गुंडाळलं आणि खाली नेलं. फानुलाला बाळाच्या मानेवरची ओली लव तेवढी दिसली. थ्राटा तासाभरानं परत आली तेव्हा तिचे हात रिकामे होते.

"तिघींना आंदण कुठून आणू मी?" थ्रासोन दुसऱ्या दिवशी म्हणाला. भिंतीकडे बघत म्हणाला. तो दुष्ट नव्हता, दमलेला होता.

"मला विचारायचं तरी होतंत."

"असल्या गोष्टीत कोण कुणाला विचारतं?"

थ्राटाला विचारलं तर ती डोळे पुसत म्हणाली, "नका विचारू बाई. मालकांनी चुलीची शपथ घातलीय. नकोशी मुलं ठेवतात तशी मडक्यात ठेवली, वर माझी शाल घातली. एवढंच सांगते."

"कुठं ते सांग."

"एवढंच सांगते म्हटलं ना."

पाचव्या दिवशी, ज्या दिवशी बाळाला चुलीभोवती फिरवतात, थ्रासोन दुपारी बाजारातून आला तो मुठीत काहीतरी घेऊन. अंगणात उभा राहून त्यानं ते उगारलं. कच्च्या लोकरीचा झुपका होता, मेंढीचा तुपकट वास असलेला. मुलगा झाला की दारावर ऑलिव्हची माळ लावतात, मुलगी झाली की असा झुपका.

"कोणी लावलं हे? माझ्या दारावर? लोक अभिनंदन करतायत माझं!"

कुणीच लावलं नव्हतं. थ्राटा पाण्याला गेली होती, आर्खिपी मुलींजवळ होती, फानुलाला अजून जिना उतरायला बंदी होती. तरी थ्रासोननं वर बघून म्हटलं, "हे चाळे बंद कर, फानुला."

तिचा संताप झाला. लोकर तिनं लावली असती तर सरळ कबूल केलं असतं. पण ती साधी दारापर्यंतही जाऊ शकत नव्हती, आणि नेमका तोच आळ तिच्यावर.

बारा-तेरा दिवसांनी पुन्हा भर दुपारी दारावर लोकर लटकलेली. या वेळी धुतलेली, विंचरलेली, पेळू करून ठेवलेली. आर्खिपीनं ती फानुलाला न दाखवता चुलीत घातली. जळक्या केसांचा वास घरात दोन दिवस राहिला.

"मला बघू तरी द्यायची होती," फानुला म्हणाली.

"काय बघायचंय त्यात? कुणी शेजारीण खोडसाळपणा करतेय."

"मग तुम्ही जाळलीत कशाला? सूत काढायचं होतंत."

त्या दिवसापासून आर्खिपी टकळी घेऊन खाली दाराजवळच बसायला लागली.

तिसऱ्यांदाही ती दाराजवळच बसली होती. दार उघडलं नाही, बाहेर पाऊल वाजलं नाही, आणि थ्राटा घडा घेऊन बाहेर पडायला गेली तर दारावर सूत. हे सूत मात्र थ्राटानं कमरेला लपवून माडीवर आणलं.

फानुलानं ते उजेडात धरलं. गाठाळ होतं, कुठं जाड, कुठं तुटायला आलेलं. पहिल्यांदा टकळी धरलेल्या पोरीच्या हातचं. क्लेइतो सहा वर्षांची असताना असंच काढायची. फक्त याचा पीळ उलटा होता.

"बाई," थ्राटा हळूच म्हणाली, "या घरात असं सूत तुम्ही सोडून कुणी काढत नाही."

"हे मी काढलेलं नाही, थ्राटा."

"माहीत आहे. तुमचं सूत असं गाठाळ नसतं."

पण ते सूत थ्रासोनच्या हाती लागलं आणि त्याला एवढंच पुरलं. त्यानं पीळ बघितला आणि त्याच दिवशी माडीच्या दाराला बाहेरून कडी बसवून घेतली. "आता बघू," म्हणाला. फानुला दारावर मुठी आपटत राहिली. आपण वेडी नाही, हे तरी कुणी ऐकावं. खाली चामड्यावर टोचा चालल्याचा आवाज शांतपणे येत राहिला.

कडी असतानाच सूत पुन्हा आलं, या वेळी एकसारखं. पुढच्या खेपेला बारीक, केसासारखं. मग बोटभर रुंदीची विणलेली पट्टी, कडेला लाल रेघ. प्रत्येक वेळी पीळ उलटाच. थ्राटा जमेल तेव्हा तुकडा आणून द्यायची, उरलेलं आर्खिपी जाळायची. फानुला गादीखाली तुकडे ओळीनं मांडायची आणि हिशेब करायची. सहा वर्षांचा हात. नऊ वर्षांचा. बारा वर्षांचा. बाहेर मात्र अजून हिवाळासुद्धा संपला नव्हता.

तिचा जीव तळमळायचा तो वेगळ्याच गोष्टीनं. पोर येत होती ती दाराशी. बापाच्या दाराशी. आईच्या माडीला रस्त्याकडून दारच नव्हतं.

एकदा तिनं आपली हस्तिदंती फणी थ्राटाजवळ दिली. "दारावर टांगून ये."

थ्राटानं टांगली. दुपारी फणी तिथं नव्हती. बदल्यात काहीच आलं नाही. पाच दिवसांनी क्लेइतो जाळीपाशी उभी राहून म्हणाली, "आई, मघाशी अंगणात कोण केस विंचरत होतं?"

"कोण?"

"मला पाठच दिसली."

आर्खिपीनं ते ऐकलं. तिच्या हातातली टकळी जमिनीवर घरंगळली, ती तिनं उचलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच जाऊन माडीची कडी काढली. मुलाला विचारलंसुद्धा नाही.

मग लग्नांचा महिना लागला. गल्लीत रोज कुठून तरी बासरी ऐकू यायची. एके दिवशी थ्रासोन न्हाव्याकडून आला तो अर्धीच दाढी कातरून.

"लोक म्हणतात, मी मुलीचं लग्न ठरवलं," तो आईला म्हणाला. "म्हटलं, माझी थोरली आठ वर्षांची आहे, कसलं ठरवतो? तर म्हणे, थोरली नाही."

"कोण म्हणालं?"

"सगळेच. नवरा मुलगा कोण, विचारलं तर एकालाही सांगता येईना."

त्या दुपारी दारावर काही नव्हतं. दुसऱ्या दुपारीही नाही. फानुला जाळीशी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी, ऊन कलताना, दार वाजलं.

थ्राटा उठली, पण थ्रासोननं तिला हातानं थांबवलं आणि स्वतः गेला. दार उघडलं. माडीवरून फानुलाला त्याची पाठ तेवढी दिसत होती. समोर कोण आहे ते पाठीमुळे दिसत नव्हतं.

मग त्यानं उजवा हात पुढे केला, सोयरीक पक्की करताना करतात तसा. कोपर हललं. समोरून कुणीतरी हात धरला होता.

"ही मुलगी," थ्रासोन म्हणाला, आणि त्याचा आवाज म्हाताऱ्यासारखा होता, "मी तुला देतो. औरस संततीसाठी."

मग तो पुढं म्हणाला,

"आणि आंदण म्हणून..."

तो ऐकत होता. समोरून काय सांगितलं गेलं ते फानुलाला ऐकू आलं नाही.

"बरं," थ्रासोन म्हणाला. "नको तर नको."

फानुला जिना उतरली. मुलीच्या वरातीमागून मशाल घेऊन चालायचं असतं ते आईनं. एवढा एकच मान बाईला असतो, तोही कुणी आपल्याकडून काढून घ्यावा हे तिला सहन होईना. तिनं चुलीतून चूड पेटवून घेतली. आर्खिपी वाटेत उभी होती. ती बाजूला झाली.

"अहो, सरका," फानुला नवऱ्याला म्हणाली.

थ्रासोन सरकला. त्याचा उजवा हात अजून पुढेच होता, मूठ अर्धवट मिटलेली. त्याला ती मागे घेता येत नव्हती.

गल्लीत कुणी नव्हतं. ना गाडी, ना बासरीवाला. तिरपं ऊन पडलं होतं आणि त्यात मशालीची ज्योत दिसतसुद्धा नव्हती. फानुला चालू लागली, कुंभारवाड्याच्या बाजूला, जिथून वेस ओलांडली की थडगी सुरू होतात. ते मडकं असलंच तर तिथंच.

कसला तरी आवाज ऐकल्यासारखी शेजारपाजारची माणसं दारांत आली. फानुलाला वाटलं, आता हसतील. भर उजेडात मशाल घेऊन एकटी निघालेली बाई.

कुणी हसलं नाही. कुणी तिच्याकडे बघितलंच नाही. सगळ्यांची नजर तिच्या दहा पावलं पुढे होती. बैलगाडी जावी तितक्याच संथपणे त्यांच्या माना वळत होत्या.

समोरच्या घरातली म्हातारी हसतमुखानं उंबऱ्यापर्यंत आली. पदरातून मूठभर अक्रोड घेऊन तिनं ते रिकाम्या रस्त्यावर, वधूवर उधळतात तसे, उंच उधळले.

फानुला कान देऊन थांबली. गल्ली दगडी फरसबंदीची होती. एकही अक्रोड खाली पडल्याचा आवाज आला नाही.